पहिला तास: नाशिकमध्ये संकटकालीन समुपदेशनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.ए. मानसशास्त्र किंवा एम.एस.डब्ल्यू. करून बाहेर पडताना समुपदेशनाचं एक चित्र डोक्यात असतं: दर आठवड्याला एक तास, असे पंधरा-वीस तास, हळूहळू उलगडत जाणारा माणूस. हेल्पलाइनवर, महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात किंवा सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत बसलात की हे चित्र बाजूला ठेवावं लागतं. दिंडोरीहून एस.टी.नं आलेल्या माणसाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो पुढच्या मंगळवारी येईलच असं नाही. पहिली भेट हीच शेवटची असू शकते, असं धरूनच काम करायचं.

पण अल्पकालीन समुपदेशन म्हणजे मोठ्या उपचाराची कापून लहान केलेली आवृत्ती नव्हे. १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांचा आणि मृतांच्या नातेवाइकांचा अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी केला. तो धागा दुसरे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांनी पुढे नेला. त्यांचं म्हणणं असं, की तीव्र संकटाची अवस्था साधारण चार ते सहा आठवडे टिकते. त्यात माणूस नेहमीचे उपाय करून थकलेला असतो आणि म्हणूनच मदतीला एरवीपेक्षा जास्त मोकळा असतो. एक ते सहा भेटींची मर्यादा या मांडणीशी जुळते. पहिल्या दोन भेटी एकाच आठवड्यात घ्याव्यात. दर सोमवारी एक अशा समान अंतरानं त्या वाटण्यात अर्थ नाही.

पहिली पाच मिनिटं जागेची आणि शरीराची. माणूस दाराकडे पाठ करून बसलेला नको, दार अडवून आपणही बसायचं नाही. पाणी द्या. पन्नाशीच्या पुढचा माणूस 'जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं' म्हणाला तर आधी ईसीजी, मग समुपदेशन. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा घाम फुटून थरथरत असेल तर आधी साखर तपासा. रोज पिणाऱ्यानं अचानक दारू सोडली असेल, हात कापत असतील, नसलेलं दिसत असेल, तर तो रुग्णालयाचा मामला आहे. मन शांत करण्याच्या नादात ही तीन माणसं हातची जातात.

श्वास फार जोरात चालला असेल तर बोलणं थांबवून चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं सोबत करा. बाहेर सोडायचा श्वास लांबला की हृदयाचा ठोका उतरतो. पाय जमिनीला टेकवायला सांगा. 'डोळे मिटा' मात्र म्हणू नका. नुकताच मार खाऊन किंवा अपघात पाहून आलेल्या माणसाला मिटल्या डोळ्यांपुढे तेच दिसतं.

घरचे बहुतेक वेळा सोबत येतात आणि तेच बोलतात. 'काका, तुम्ही सगळं सांगितलंत ते बरं झालं. आता पंधरा मिनिटं मी ताईंशी बोलते, मग आपण सगळे बसू.' इतकं सांगितलं की सहसा कुणी अडून बसत नाही. मात्र शेवटी सगळ्यांना खरंच बोलवा. गोपनीयता सुरुवातीलाच आणि साध्या शब्दांत सांगावी: 'तुम्ही बोलाल ते माझ्याजवळ राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर मला एखाद्याला सांगावं लागेल, आणि ते मी आधी तुम्हाला सांगेन.' मुलांवरचा लैंगिक अत्याचार पुढे आला तर पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचं वचन देऊच नये.

आता सगळ्यात अवघड भाग. आत्महत्येबद्दल विचारलं तर विचार डोक्यात घातला जाईल, ही भीती प्रत्येक नव्या समुपदेशकाला असते. ती खरी नाही. थेट विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणसाला सुटका वाटते. पण मराठीत हा शब्द सहसा कुणी स्वतःहून उच्चारत नाही. 'देवानं उचललं तर बरं', 'झोपावं आणि उठूच नये', 'आता सुटावंसं वाटतं', 'माझ्यामागे पोरांकडे बघा' अशी वाक्यं कानावर येतात, आणि शेवटचं वाक्य पहिल्या दोन वाक्यांहून जास्त गंभीर आहे, कारण त्यात मागची व्यवस्था लावणं सुरू झालेलं असतं. विचारताना आधी त्यांचेच शब्द घ्या, मग उघड बोला: 'सुटावंसं वाटतं म्हणालात. म्हणजे जीव द्यावा असं मनात येतं का?' 'तसलं काही नाही ना मनात?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही'च येणार, कारण प्रश्नानंच ते मागितलेलं आहे. हो आलं तर पायरीपायरीनं पुढे जा: कधीपासून, किती वेळा, कसं करायचं ते ठरवलंय का, ते साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशानं थांबवलं. बेत, साधन आणि वेळ तिन्ही ठरलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरच्या जबाबदार माणसाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी.

इथे एक चूक आपल्याकडे फार होते. समुपदेशक किंवा घरचे शपथ घालतात: 'पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग.' शपथेनं जीव वाचतो याला पुरावा नाही. उलट पुन्हा विचार आला की शपथ मोडल्याच्या लाजेनं माणूस फोन करत नाही. शपथेऐवजी स्टॅन्ली आणि ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांची सुरक्षा योजना वापरा. एक कोरा कागद, सहा पायऱ्या, २० ते ४५ मिनिटं. वादळ येतंय हे कशावरून कळतं. एकट्यानं काय केल्यानं ते ओसरतं. लक्ष वळावं म्हणून कुणाकडे किंवा कुठे जाता येईल. उघडपणे मदत कुणाकडे मागता येईल. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन. आणि घर सुरक्षित कसं करायचं. नवखे तिसरी आणि चौथी पायरी एकच समजतात. तिसरीत काही सांगावं लागत नाही: चहाची टपरी, मंदिराचा ओटा, शेजारचं घर. चौथीत नाव घेऊन सांगायचं असतं. तिसरीत निर्जन जागा लिहायची नाही, धरणाचा काठ तर नकोच. शब्द त्यांचेच हवेत. 'नकारात्मक विचार वाढतात' असं आपण लिहिलं तर तो कागद घडी होऊन खिशातच राहतो. 'डोक्याचा भुगा होतो, जेवण जात नाही' हे त्यांचं आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा: 'हे खरंच कराल का? काय आड येईल?'

सहावी पायरी नाशिकमध्ये सर्वांत महत्त्वाची, आणि तीच घाईत उरकली जाते. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरात, पडवीत, गोठ्यात असतात. मरण्याच्या तीव्र इच्छेचा कडेलोट अनेकदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. म्हणून 'औषधं नीट ठेवा' एवढं सांगून भागत नाही. कोण, कधी, कुठे नेऊन ठेवणार, किल्ली कुणाकडे, हे त्या नातेवाइकाशी बसूनच ठरवा. शेतीचं काम थांबणार नाही हे धरून ठरवा: औषधांची पेटी भावाच्या घरी, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच. आणि कुणी काही प्यालाच तर बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, डबा किंवा लेबल बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात न्यायचं, हेही घरच्यांना सांगा.

धोका मर्यादित असेल तर समस्येवर या. गारपिटीत बाग गेली, कर्ज फिटत नाही, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राट संपलं: या खऱ्या अडचणी आहेत. 'दृष्टिकोन बदला' म्हटलंत की माणूस गप्प होतो. कागदावर तीन रकाने करा: या आठवड्यात हातात काय आहे, दुसऱ्याच्या हातात काय आहे, कुणाच्याच हातात नाही असं काय आहे. पहिल्या रकान्यातलं एकच काम निवडा, उद्या दुपारपर्यंत होईल इतकं लहान: पंचनामा झाला का ते तलाठ्याला विचारणं, किंवा भावाला फोन. तीन कामं दिलीत तर एकही होत नाही आणि अपयशाची भर पडते.

उपायकेंद्री पद्धत, म्हणजे अडचणीपेक्षा उपायावर भर देणारं समुपदेशन, अमेरिकेतल्या मिलवॉकीत स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी घडवली. तिच्यातला मोजपट्टीचा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो: 'शून्य म्हणजे सगळं संपलं, दहा म्हणजे निभावतंय. आज किती?' तीन म्हणाले तर 'सात का नाही' असं कधी विचारू नका. 'शून्य का नाही? तीन कशामुळे?' असं विचारा. उत्तरात जगण्याचं कारण येतं, आणि ते त्यांच्या तोंडून येतं. आकडे नकोसे वाटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'रुपयातले किती आणे' विचारून बघा. याच पद्धतीतला चमत्काराचा प्रश्न, म्हणजे रात्रीत सगळं सुटलं तर सकाळी काय वेगळं दिसेल, तीव्र संकटात विचारू नये. ज्याचं माणूस काल गेलंय त्याला तो क्रूर वाटतो.

गर्दीतल्या दुर्घटनेसाठी वेगळी तयारी लागते. २००३ च्या नाशिक कुंभात चेंगराचेंगरीत ३९ जण दगावले. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, आणि स्वयंसेवक म्हणून तुम्हाला बोलावलं जाईल. तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या तीन पायऱ्या पुरतात: बघा, ऐका, जोडून द्या. हरवलेलं माणूस शोधायला मदत, पाणी, चार्जिंग, खरी माहिती. घटना सविस्तर वदवून घ्यायची नाही. सगळ्यांना एकत्र बसवून प्रसंग सांगायला लावणारं एका बैठकीचं 'डीब्रीफिंग' पुढचा मानसिक आघात टाळत नाही, काहींना त्रासच वाढवतं.

कायदा माहीत हवा, कारण 'पोलीस केस होईल' या धास्तीनं घरचे खोटं सांगतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला नाही. रुग्णालयात एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) अशी नोंद आणि जबाब होतो, तो शिक्षेसाठी नव्हे, हे आधीच सांगा. स्वतःची मर्यादाही माहीत हवी: निदान आणि औषधं आपलं काम नाही, आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. दिवसाला तीन-चार संकटभेटींपुढे कान बोथट होतो, असं आमचं मत. आठवड्यातून एकदा ज्येष्ठांपुढे केस मांडायची सोय नसलेली नोकरी पहिली नोकरी म्हणून घेऊ नये.

निरोप देताना सुरक्षा योजनेच्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे, एक फाइलमध्ये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून घ्या, आणि शक्य असेल तर तिथूनच एकदा लावून दाखवा. नोंदीत त्यांची वाक्यं जशीच्या तशी अवतरणात, कुणाला काय कळवलं, किती वाजता. पुढचा फोन २४ ते ७२ तासांत, ठरवून: 'परवा संध्याकाळी सहाला मी करेन.' सहा म्हणजे सहाच. उचलला नाही तर अर्ध्या तासानं पुन्हा, तरीही नाही तर चौथ्या पायरीत ज्याचं नाव लिहिलंय त्याला. त्या माणसाला फोन करायची परवानगी पहिल्याच भेटीत घेऊन ठेवलेली असावी, सहीसकट. त्यालाही संपर्क झाला नाही आणि बेत-साधन ठरलेलं होतं, तर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर.