पॉइंट लोबोसला जाताय? सकाळी आठलाच पोहोचा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्यांनी आणि मुलांकडे आलेल्या आई-बाबांनी कॅलिफोर्नियातलं पॉइंट लोबोस हे समुद्रकाठचं राखीव उद्यान चुकवू नये. कार्मेल गावाच्या जरा दक्षिणेला, हायवे १ लगत. सॅन होझेहून गाडीने साधारण दीड तास लागतो. गेट सकाळी ८ ला उघडतं आणि आतलं पार्किंग मोजकंच, त्यामुळे शनिवार-रविवारी उशीर केलात तर बाहेर हायवेच्या कडेला गाडी लावून चालत यावं लागतं. शक्यतो मधल्या वारीच जा. निघण्याआधी स्टेट पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची सूचना बघा.

वेळ कमी असेल तर सायप्रस ग्रोव्हची वाट धरा. माँटेरे सायप्रस या झाडाची नैसर्गिक राई जगात फक्त दोन ठिकाणी उरली आहे, त्यातली ही एक. वाऱ्याने वाकलेल्या फांद्या, त्यांवर नारिंगी शेवाळासारखा थर, खाली फेसाळता समुद्र. दुर्बीण न्याच! केल्पच्या (लांबलचक समुद्री शेवाळाच्या) पट्ट्यात उताणे पडून पोटावर शिंपले फोडणारे सी ऑटर (समुद्री पाणमांजरं) तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे निघालेल्या ग्रे व्हेलचे फवारेही दिसतात.

उन्हाळ्यातही जाड जाकीट हवंच, कारण धुकं दुपारपर्यंत हटत नाही. वाट सोडू नका, कडेला तीन-तीन पानांचं पॉयझन ओक असतं, अंगाला लागलं तर भयंकर खाज सुटते. खडकांवर समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, मोठी लाट अचानक येते. कुत्र्याला आत नेता येत नाही. डबा मात्र खुशाल न्या, फक्त पिकनिकसाठी नेमलेल्या जागीच उघडा.