भिकार-सावकार मोठ्यांनी खेळायचा तर

गणपतीच्या जागरणाला रमीचा पाचवा डाव कंटाळवाणा झाला, म्हणून आम्ही चाळिशीतले चौघे भिकार-सावकार खेळायला बसलो. अडचण एकच: वरचं पान उलटत राहायचं, डोक्याला काम शून्य, आणि डाव संपता संपत नाही. एक छोटा बदल केला आणि रंगत आली.

१. जोकर काढून ५२ पानं वाटा. चौघांत प्रत्येकी १३. गड्डी समोर पालथी.

२. वरची तीन पानं हातात घ्या. आपल्या पाळीला त्यातलं हवं ते टाका आणि गड्डीतून एक उचलून पुन्हा तीन करा.

३. आधीच्या पानाच्या आकड्याचं पान पडलं की टाकणाऱ्याने सगळा ढीग उचलून आपल्या गड्डीखाली सारायचा आणि पुढचं पान त्यानेच टाकायचं.

४. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा. वाजला की ज्याची पानं जास्त, तो सावकार.

आता लक्षात ठेवण्याला किंमत येते. तीन सत्त्या आपल्याकडे असतील तर चौथी बिनधास्त टाकावी, तिच्यावर मारायला कुणाकडे काही नसतंच. (आमच्या वहिनी यात पटाईत निघाल्या. रमीत कधी जिंकल्या नव्हत्या.)

एक मात्र आधीच ठरवा: उचललेला ढीग पिसायचा नाही आणि चाळायचाही नाही. आमचं भांडण नेमकं तिथेच झालं.