डार्क मॅजिशियनचा डेक बांधताय? या चुका टाळा

युगिओ या कार्डांच्या खेळाच्या शनिवारच्या स्पर्धेत समोरच्या पोराने पहिल्याच डावात हातातली कार्डं टेबलावर उताणी टाकली. "काका, बघा ना हे!" दोन डार्क मॅजिशियन, एक डार्क मॅजिशियन गर्ल, एक समन्ड स्कल आणि एक कुरिबो. डार्क मॅजिशियन साध्या मार्गाने उतरवायचा तर दोन मॉन्स्टरचा बळी लागतो, गर्ल आणि स्कलला एकेक. उरला कुरिबो, ताकद ३००. "नशीबच फुटकं," पोरगा म्हणाला. मी विचारलं, डेक किती कार्डांचा? "साठ."

यात नशिबाचा काय संबंध? हे घरी बसून स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं.

युगिओ खेळायला लागल्यापासून मी डार्क मॅजिशियन सोडून दुसरा डेक मनापासून खेळलेलो नाही. डोंबिवलीत लहानपणी स्टेशनरीच्या दुकानातली नकली पाकिटं, आता न्यू जर्सीत खरी कार्डं आणि दर शनिवारी कुणाकडून तरी मार. त्यामुळे "मेटा, म्हणजे सध्या जिंकणारे डेकच, खेळा, हौस घरी ठेवा" असं मी सांगणार नाही. पण पात्राच्या प्रेमापोटी त्याच त्या चुका करणारी माणसं बघून आता कंटाळा आलाय.

अख्खी भावकी बोलावणे

डेकमध्ये किमान ४० आणि कमाल ६० कार्डं चालतात. नवशिक्याला वाटतं, साठ चालतात तर साठ घालूया, मालिकेच्या नायकाचं, म्हणजे युगीचं, एकही कार्ड बाहेर राहायला नको. साखरपुड्याला चाळीस माणसांचा हॉल घेतलाय आणि दारात भावकीची बस उभी, तसला हा प्रकार.

जरा हिशोब करा. एखादं कार्ड तीन प्रतींत ठेवलं, तर ४० च्या डेकमध्ये पहिल्या पाच कार्डांत त्याची एक तरी प्रत येण्याची शक्यता साधारण ३४ टक्के. ६० च्या डेकमध्ये तीच २३ टक्क्यांवर येते. म्हणजे प्रेमाने घातलेली वरची वीस कार्डं तुमच्या सगळ्यात चांगल्या कार्डाला तुमच्यापासून लांब ढकलतात.

मी आधी डाव सुरू करून देणारी कार्डं मोजतो. मॅजिशियन्स रॉड तीन, मॅजिशियन्स सोल्स तीन, इल्युजन ऑफ केऑस तीन, डार्क मॅजिकल सर्कल तीन. झाली बारा. चाळीसमध्ये बारा असली की सुरुवातीच्या हातात एक तरी येण्याची शक्यता ८५ टक्के. नऊ ठेवलीत तर ७४. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण दिवसभरात सहा-सात सामने खेळा, मग कळेल. खुद्द डार्क मॅजिशियन मी दोनच ठेवतो, कारण त्याला हातात बघायची मला अजिबात इच्छा नसते. सोल्सने त्याला डेकमधून थेट कबरीत, म्हणजे ग्रेव्हयार्डमध्ये, धाडायचं आणि तिथून वर आणायचं. गर्ल? फारतर एक. तीही तुम्हाला फारच आवडत असेल तर.

समन्ड स्कल नको. एक्झोडियाचे पाच तुकडेही नकोत. "पण मालिकेत युगीकडे होते!" मालिकेत बॅटल सिटीत ४००० आयुष्यगुणांवर खेळतात, आपण ८००० वर खेळतो.

उरलेल्या जागेत समोरच्याला अडवायला सगळे वापरतात तीच कंटाळवाणी कार्डं घाला: अ‍ॅश ब्लॉसम, इन्फिनिट इम्पर्मनन्स, कॉल्ड बाय द ग्रेव्ह. यावर युगीचा फोटो नाही, त्याला इलाज नाही. हँड ट्रॅपशिवाय, म्हणजे थेट हातातूनच समोरच्याला अडवणाऱ्या कार्डांशिवाय, दुसऱ्या नंबरवर खेळायला बसणं म्हणजे समोरच्याचा वीस मिनिटांचा एकपात्री प्रयोग बघणं.

इटर्नल सोलची घाई

ही माझी स्वतःची चूक आहे, आणि अजूनही आठवली की कान गरम होतात.

इटर्नल सोल हा कायम मैदानावर राहणारा ट्रॅप, म्हणजे समोरच्याच्या फेरीतही वापरता येणारं कार्ड. फेरीत एकदा तो कबरीतून किंवा हातातून डार्क मॅजिशियन उतरवतो, आणि मैदानावरच्या डार्क मॅजिशियनवर प्रतिस्पर्ध्याच्या कार्डांचा परिणाम होऊ देत नाही. जोडीला सर्कल असलं, की मॅजिशियन उतरताच समोरचं एक कार्ड खेळातून कायमचं बाद. वाचून वाटतं, आता कोण हरवणार? शेवटची ओळ मात्र कुणी वाचत नाही: इटर्नल सोल मैदान सोडून गेला की तुमचेच सगळे मॉन्स्टर नष्ट. मॅजिशियनला संरक्षण समोरच्याच्या कार्डांपासून आहे. इटर्नल सोल घरचाच.

यावरचा उतारा म्हणजे डार्क मॅजिशियन द ड्रॅगन नाइट. आय ऑफ टिमेयस या कार्डाने एका डार्क मॅजिशियनवरून तो फ्यूजन करून आणता येतो. तो असेपर्यंत समोरच्याला तुमच्या स्पेल-ट्रॅप कार्डांवर नेम धरता येत नाही की ते नष्ट करता येत नाहीत. शिवाय मैदानावर आणि कबरीतही त्याचं नाव "डार्क मॅजिशियन"च धरलं जातं, म्हणजे इटर्नल सोल त्यालाही सांभाळतो. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले दोघे.

तर तिसरा, निर्णायक डाव. माझ्याकडे ड्रॅगन नाइट, इटर्नल सोल, सर्कल. कबरीत साधा डार्क मॅजिशियन. समोर फक्त एक पालथं कार्ड. समोरच्या बाईंची फेरी सुरू झाली न झाली, मी इटर्नल सोल वापरला, मॅजिशियन उतरवला आणि सर्कलने ते पालथं कार्ड उडवलं. शेजारच्या टेबलावरचा मित्र बघत होता, म्हणून जरा ऐटीतच.

समोरच्या बाईंनी शांतपणे माझा ड्रॅगन नाइट उचलला, माझ्या कबरीत ठेवला आणि त्याच्या जागी गेमसिएल नावाचं अवाढव्य कासव माझ्याच मैदानात बसवलं. मी म्हटलं, अहो, त्याच्यावर परिणाम होत नाही! त्या म्हणाल्या, परिणाम नाहीच, बळी दिलाय. बरोबर होतं. कैजू कार्डं समोरच्याचा मॉन्स्टर बळी देऊनच उतरतात, ती उतरण्याची किंमत असते. परीक्षकाला बोलवायचीही गरज पडली नाही. पुढचं कार्ड हार्पीज फेदर डस्टर, समोरच्याचे सगळे स्पेल-ट्रॅप उडवणारं. सर्कल गेलं, इटर्नल सोल गेला, आणि इटर्नल सोल जाताना मॅजिशियनला घेऊन गेला. कासवालासुद्धा. माझं मैदान धुतल्यासारखं स्वच्छ.

आता बघा मी काय करायला हवं होतं. काही नाही! गप्प बसायला हवं होतं. इटर्नल सोल राखून ठेवला असता तर फेदर डस्टर पडताक्षणी त्याला उत्तर म्हणून कबरीतला ड्रॅगन नाइट परत उतरवता आला असता, आणि तो उभा राहिला की डस्टर फुसका. एका पालथ्या कार्डासाठी मी सामना घालवला. ते पालथं कार्ड तर नुसता बनाव होता, त्या फेरीत वापरताच न येणारा स्पेल.

तेव्हापासून माझी सवय: समोरच्याची फेरी सुरू झाली की उजवा हात मांडीखाली. हसू नका, उपयोग होतो. "वापरू शकतो" आणि "आत्ताच वापरायला हवं" यांत फरक आहे, आणि तो उतावळ्या नवऱ्यांना बाशिंग उतरल्यावरच कळतो.

एक मात्र आहे, एव्हनली मॅच्ड या कार्डापुढे ही सगळी तटबंदी पोकळ. त्यात नेमही नाही, नाशही नाही; समोरच्याच्या बरोबरीला येईपर्यंत तुम्हालाच तुमची कार्डं पालथी बाद करावी लागतात. समोरच्याचं मैदान रिकामं असेल तर ते हातातूनही पडतं.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्या डावात समोरचा तुमची कार्डं हातात घेऊन वाचतो, हा वेगळा डेक खेळण्याचा मोठा फायदा. दुसऱ्या डावात त्याने साइड डेकमधून, म्हणजे डावांच्या मध्ये बदलायला ठेवलेल्या जादा कार्डांतून, स्पेल-ट्रॅप उडवणारी कार्डं आणलेली असतात. तुमचा साइड डेक मात्र आवडत्या पण न मावलेल्या पंधरा कार्डांचं गोदाम असतो. तसं करू नका.

आधी रॉड उतरवू नका. मी इल्युजन ऑफ केऑस आधी दाखवतो. समोरच्याने अडवायला अ‍ॅश ब्लॉसम तिथेच खर्चला तर रॉड सुटला.

मास्टर ड्युएल या ऑनलाइन युगिओवर सराव जरूर करा, पण तिथली बंदी-यादी वेगळी आणि रँकचे सामने एकाच डावाचे. तिथल्या मॅक्स सीच्या भरवशावर इथे येऊ नका, इथे ते कार्ड बंद आहे.

"२०१६ ला ब्ल्यू-आइज ड्रॅगनच्या डेकने जागतिक स्पर्धा जिंकली, मग आपण का नाही?" हे वाक्य मला वर्षातून दहादा ऐकावं लागतं. तेव्हा ब्ल्यू-आइज मेटाच होता हो! कंपनीने त्याच वर्षी त्याला तशी कार्डं दिली होती.

चकचकीत फॉइलचा जुना डार्क मॅजिशियन डेकमध्ये घालू नका. फॉइल वाकतं, स्लीव्हमधूनही कळतं, डेक कापताना बोट नेमकं तिथेच अडतं, आणि खुणेचं कार्ड म्हणून शिक्षा होते. माझा २००२ च्या स्टार्टर डेकमधला घरी कपाटात आहे. खेळायला सगळ्यात स्वस्त छपाईचा.

नकली कार्डं स्पर्धेत चालत नाहीत. डोंबिवलीची माझी सगळी पाकिटं त्यातच गेली.

तो साठवाला पोरगा परवा परत आला. डेक ४२ वर आणलाय, रॉड तीन, सोल्स तीन, सगळं सांगितल्यासारखं. मी एकेक कार्ड बघत गेलो तर मध्येच समन्ड स्कल.

"एकच ठेवलाय, काका."