ट्रॅकबॉल आणि स्पिनर कॉम्प्युटरला जोडताना (व्हीसीआरच्या ड्रमसकट)

सांगलीत टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान पंचवीस वर्षं चालवलं. बंद केलं तेव्हा पोटमाळ्यावर व्हीसीआरचे अकरा ड्रम (टेप वाचणारे हेड ज्यावर फिरतात ते) उरले होते. 'हे भंगारात कधी जाणार?' ही घरातली रोजची भुणभुण. मग भाच्यानं कुठल्याशा गेम पार्लरच्या मोडीत निघालेल्या कॅबिनेटमधला तीन इंची ट्रॅकबॉल, म्हणजे जागच्या जागी हातानं फिरवायचा बॉल, आणून टेबलावर ठेवला. म्हणाला, "मामा, यावर 'मिसाइल कमांड' खेळायचंय. आणि 'अर्कनॉइड'साठी स्पिनर, म्हणजे गोल फिरवायची मूठ, पण करून द्या." पहिला गेम १९८०चा, दुसरा १९८६चा. हे दोन्ही की-बोर्डवर खेळणं म्हणजे चमच्यानं भाकरी खाणं.

आधी बॉल काढून आत बघा. काटकोनात दोन रोलर दिसतील, तिसऱ्या कोपऱ्यात टेकू म्हणून नुसतं बेअरिंग. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचांची चकती असते. तिच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे दोन डोळे (सेन्सर), ए आणि बी. चकती फिरली की उजेड तुटतो-जुळतो, आणि दोन डोळे असे बसवलेले असतात की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे राहतो. आधी ए बदलला तर बॉल एका दिशेला फिरतोय, आधी बी बदलला तर उलट्या. जुन्या बॉलच्या माऊसमध्ये हेच होतं. स्पिनरमध्येही हेच, फक्त चकती एकच.

सामान थोडं आहे. पाच व्होल्टवाला प्रो मायक्रो बोर्ड घ्या. त्याच्यावरची एटमेगा ३२यू४ चिप स्वतःच यूएसबी माऊस म्हणून कॉम्प्युटरपुढे उभी राहते. घरात पडलेला आर्डुइनो उनो बोर्ड तसा राहत नाही, त्याच्या नादी लागू नका. स्पिनरसाठी फेऱ्याला ६०० पल्स देणारा ऑप्टिकल एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा तयार सेन्सर), सहा मिलिमीटर शाफ्टचा. पुण्याला तपकीर गल्लीत मिळेल, नाहीतर ऑनलाइन. सोबत ४.७ किलोओहमचे चार-सहा रेझिस्टर. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, वायर ओढली गेली की पट्ट्यांसकट उखडतं. बाकी काही करायच्या आधी त्याच्याभोवती ग्लू गनचा एक जाड गोळा सोडा.

आता ट्रॅकबॉल. त्याच्या प्रत्येक छोट्या बोर्डातून चार वायरी येतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, ए आणि बी. रंगांवर अजिबात भरवसा ठेवू नका, मधल्या काळात कुणी काय जोडलंय देव जाणे. बोर्डावरची रेघ डोळ्यांनी धरून एलईडीपर्यंत जा, म्हणजे पाच व्होल्ट कुठले आणि ग्राउंड कुठलं ते कळतं. मग पुरवठा देऊन मीटरचं टोक सिग्नलवर ठेवा आणि बॉल अंगठ्यानं अगदी सावकाश ढकला. काटा शून्याजवळून पाचाजवळ उडी मारायला हवा. मधेच दोन-अडीच व्होल्टवर लोंबकळत राहिला तर चकती घाण आहे किंवा खाचेत वाकडी बसलीय. एलईडी पेटतोय का ते बघायला मोबाईलचा पुढचा कॅमेरा धरा, बहुतेक वेळा जांभळट ठिपका दिसतो. रिमोट तपासायची आमची हीच पद्धत होती.

दोन्ही बोर्डांचे चार सिग्नल प्रो मायक्रोच्या ०, १, २ आणि ३ नंबरच्या पिनांना द्या. या चारही पिनांना इंटरप्ट आहे, म्हणजे सिग्नल हलला की चिप हातातलं काम टाकून धावते. ० आणि १ वर आरएक्स-टीएक्स छापलेलं असतं म्हणून घाबरू नका, यूएसबीचं बोलणं वेगळ्या वाटेनं जातं.

एन्कोडरच्या वायरींचे रंग माझ्याकडे असे होते: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी ए, पांढरी बी. तुमच्यावरचं लेबल वाचून खात्री करा. याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. ते सिग्नलला फक्त खाली ओढतं, वर न्यायचं काम आपलं. म्हणून हिरवीपासून पाच व्होल्टपर्यंत एक रेझिस्टर आणि पांढरीपासून दुसरा. चिपमधला अंतर्गत पुल-अप (असाच वर ओढणारा रेझिस्टर) पण चालतो, पण वायर हातभर लांब असेल तर बाहेरचा लावाच.

इथे माझा पहिला एन्कोडर गेला. वायरींची टोकं सोलून तशीच टेबलावर सोडली होती, वर पुरवठा चालू. चहाचा कप सरकवताना हिरवी आणि लाल एकमेकींना चिकटल्या. ना धूर ना आवाज, पण ए कायमचा गप्प झाला. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना 'आधी प्लग काढा' सांगणारा मी!

एन्कोडरची हिरवी प्रो मायक्रोच्या ७ नंबरच्या पिनला, पांढरी ८ला. ७ला इंटरप्ट आहे, ८ नुसती वाचायची. त्यामुळे एका फेऱ्याला १२०० पावलं मिळतात, मुठीसाठी तेवढी रग्गड.

मूठ म्हणून मी व्हीसीआरचा वरचा ड्रम वापरला. ६२ मिलिमीटर व्यासाचा, आरशासारखा घासलेला, तोललेला अ‍ॅल्युमिनियम. बाजारात अशी मूठ मागून मिळायची नाही. हेड काढून टाकले आणि लेथवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या भोकाचा पितळी बुश करून घेतला. एक टिचकी मारली की ड्रम बराच वेळ फिरत राहतो. एन्कोडरचा शाफ्ट आखूड असतो, अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडमधून वर येणारच नाही. प्लायला मोठं भोक पाडा, वरून तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम पट्टी बसवा आणि एन्कोडर तिला खालून लावा.

प्रोग्रामात करायचं एवढंच. बॉलच्या दोन्ही अक्षांसाठी ए-बीची जुनी जोडी लक्षात ठेवायची. ती ००, ०१, ११, १० या क्रमानं सरकली तर एक मिळवायचा, उलटी सरकली तर एक वजा. इंटरप्टमध्ये फक्त ही मोजणी. दर मिलिसेकंदाला मुख्य लूपनं साठलेली बेरीज उचलून माऊस लायब्ररीच्या मूव्हला द्यायची. उचलताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा, नाहीतर पावलं गळतात. एका वेळी १२७च्या पुढचा आकडा पाठवला तर तो उलटा होतो आणि पॉइंटर मागे उडी मारतो. जास्त साठलं तर उरलेलं पुढच्या फेरीला द्या. स्पिनरची पावलं मी आडव्या अक्षातच मिसळली. बॉल आणि मूठ एकाच वेळी कोण फिरवतो?

दिशा उलटी निघाली तर त्या अक्षाच्या ए आणि बी वायरी आपसात बदला. पॉइंटर जागच्या जागी एक पाऊल पुढे, एक मागे करत थरथरला तर दोनपैकी एक सिग्नल पोचतच नाही. प्रोग्राम चिवडत बसू नका, सोल्डर बघा.

डेस्कटॉपवर चाचणी घेताना विंडोजमधली पॉइंटर प्रिसिजन वाढवायची खूण काढून टाका, नाहीतर जोरात आणि हळू ढकलण्याचा हिशेब जुळत नाही. मेम म्हणजे पार्लरचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, त्याच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये माऊसपुढे १ लिहा. गेम चालू असताना टॅब दाबला की मेनूत अ‍ॅनालॉगचा भाग येतो, तिथे प्रत्येक गेमची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येते. 'अर्कनॉइड'ला ती बरीच उतरवावी लागते, नाहीतर बोट लागताच फळी भिंतीवर आदळते.

बॉल महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा, रोलरवरची काळी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा. तेलाचा फवारा मात्र आत मारू नका, चकतीवर बसला की डोळे आंधळे होतात.