प्रभाग रचनेच्या आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

महापालिकेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींचा पाऊस पडतो आणि त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या फेरीतच फेटाळल्या जातात. कारण बहुतेकदा एकच: 'आमची वस्ती तोडली, अन्याय झाला' एवढंच लिहिलेलं असतं. सुनावणी घेणारा अधिकारी अन्याय मोजत नाही, लोकसंख्या आणि हद्द तपासतो.

म्हणून आधी आकडेमोड. शहराची लोकसंख्या भागिले एकूण नगरसेवक, गुणिले त्या प्रभागातल्या जागा. ही झाली प्रभागाची सरासरी. त्यात साधारण १० टक्के कमी-जास्त चालतं. समजा लोकसंख्या १२ लाख आणि जागा १२०, तर चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ४०,००० येते, म्हणजे ३६,००० ते ४४,००० ही मर्यादा. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या या हिशेबात नसतात, त्यामुळे 'आमच्याकडे आता दुप्पट लोक राहतात' हा मुद्दा खरा असला तरी चालत नाही.

मग नकाशा आणि हद्दीचं वर्णन समोरासमोर ठेवा. हद्द मोठा रस्ता, नदी, नाला, रेल्वेमार्ग अशा ठळक रेषेवरून जायला हवी आणि जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीसाठी दिलेला घरांचा समूह, फुटता कामा नये. नकाशात रेषा नाल्यावरून आणि वर्णनात मात्र शेजारच्या गल्लीवरून, अशी विसंगती सापडली तर ती सोन्यासारखी. गट फुटला असेल तर गट क्रमांकासह लिहा.

बदल मागताना पर्यायही द्या. वरच्याच उदाहरणात प्रभाग ७ ची लोकसंख्या ४३,२०० आणि शेजारच्या ८ ची ३७,५०० आहे. तुमची १,९०० लोकांची वस्ती ७ मधून ८ मध्ये गेली तर आकडे ४१,३०० आणि ३९,४०० होतात, दोन्ही मर्यादेत. उलट, तेवढीच वस्ती ८ मधून ७ मध्ये मागितली तर ७ होतो ४५,१०० आणि हरकत तिथेच संपते. हा हिशेब अर्जात मांडला तर अधिकाऱ्याला नाही म्हणायलाही कारण शोधावं लागतं.

अर्ज लेखी, नोटिशीतल्या मुदतीत, नेमून दिलेल्या कार्यालयातच द्या. आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. शंभर जणांच्या सह्यांचा एकच छापील मजकूर देण्यापेक्षा नकाशा जोडलेला एक नेमका अर्ज जास्त वजनदार. सुनावणीला स्वतः जा, कारण मुद्दा समजावून सांगायला दुसरी संधी नसते.

आरक्षणाची तक्रार इथे घालू नका. त्याची सोडत आणि हरकती वेगळ्या टप्प्यावर असतात. अनुसूचित जातींच्या जागा त्या समाजाचं प्रमाण जास्त असलेल्या प्रभागांकडे जातात, म्हणूनच एखाद्या गल्लीच्या हद्दीवरून इच्छुक एवढे हमरीतुमरीवर येतात. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असतात.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. तिथे असे २२७ प्रभाग आहेत. राज्यातल्या इतर महापालिकांत बहुतांश प्रभाग चार जणांचे असतात आणि अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मतं द्यायची असतात. निवडून आल्यावर चौघंही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी. 'तो भाग माझ्याकडे नाही' हे आपसातलं वाटप, कायद्यात त्याला आधार नाही. म्हणून तक्रारीचं पत्र चौघांच्या नावे द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला.

रचना अंतिम झाली की विधानसभेची मतदारयादी प्रभागांत फोडली जाते. इमारतच दुसऱ्या प्रभागाच्या यादीत जाण्याचा घोळ इथे हमखास होतो, तेव्हा प्रारूप यादीत आपल्या मजल्यांची नावं एकेक करून तपासा. नवीन नाव मात्र या टप्प्यावर घालता येत नाही. ते विधानसभेच्या यादीत आधीच असावं लागतं.