रेड अलर्टमुळे शाळा बंद? मुलांचा अभ्यास घरी असा घ्या

रात्री साडेनऊला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा फोटो ग्रुपवर येतो. मुलं नाचायला लागतात, आपण कपाळाला हात लावतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे ठरलेलंच. सुट्टी एका दिवसाची असेल तर पोरांना खुशाल लोळू द्या. लांबली, तर पुढचं वाचा. हे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे.

१. आदल्या रात्रीची तयारी
वीज जाणार हे धरूनच चाला. फोन चार्ज करून ठेवा. पुस्तक शाळेतच राहिलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. नेट आहे तोवर उतरवून घ्या. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत. १९७१पासूनचा खजिना आहे तो.

२. घरात शाळा मांडू नका
एका वर्षी मी तासिका आखल्या होत्या, मधल्या सुट्टीसकट. साडेदहाला लेक रडत होती आणि गॅसवर डाळ करपली होती. आता न्याहारीनंतर पाऊण तास आणि दिवेलागणीला अर्धा तास, एवढंच. एकटं मूल समोर असताना तेवढं पुरतं. ग्रुपवर सहा वर्कशीट आल्या तर दोन नीट करा आणि बाईंना तसं कळवा.

३. मोठ्याने वाचन
“आजीचा चष्मा सापडत नाहीये, तिला जरा वाचून दाखव” असं म्हटलं की मूल लगेच बसतं. चुकलं तरी मधे तोडू नका, वाक्य संपू द्या. पान झालं की पुस्तक मिटून ‘काय झालं ते सांग’ म्हणा. अडखळत वाचणाऱ्याला गोष्ट कळलेली असते आणि घडाघडा वाचणाऱ्याला कधीकधी काहीच कळलेलं नसतं. ते इथेच उघडं पडतं.

४. पाऊस मोजा
गणितासाठी याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा घ्या. अंगणात किंवा गच्चीवर, पागोळ्यांपासून दूर, दोन विटांच्या मधे ठेवा. हे काम मोठ्यांनी, पाऊस ओसरल्यावर करायचं. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून रोज त्याच वेळी डब्यात पट्टी उभी धरून मोजा आणि डबा रिकामा करा. पट्टीचा शून्य टोकापासून जरा आत असतो. हे तुम्ही सांगू नका, आकडा कमी का येतो ते पोरांनाच शोधू द्या.

दुसऱ्या दिवशी शेजारी त्याहून मोठा डबा ठेवा आणि आधी विचारा, “कशात पाणी जास्त उंच चढेल?” आमच्याकडे यावर पैज लागली होती. उंची दोन्हीकडे सारखीच भरली आणि धाकट्याने “डबा गळतोय” म्हणून तो उलटा करून पाहिला.

आकडे वहीत लिहा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार आणि २०४.४च्या वर गेला की अत्यंत मुसळधार, अशी हवामान खात्याची विभागणी आहे. तिसरीतल्याने कालच्या आणि आजच्या आकड्यांची वजाबाकी करावी. पाचवीतल्याला पुढे न्या: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग ५० चौरस मीटरच्या छपरावर ६० मिलिमीटर पडला तर किती? तीन हजार लिटर, म्हणजे हजार लिटरच्या तीन टाक्या. मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या घरात यावर बरंच बोलणं होतं.

५. पाढे
यासाठी वेगळं बसवू नका. लसूण सोलताना, कपडे घडी घालताना म्हणवून घ्या. मोठ्या भावंडाने धाकट्याचे घेतले तर दोघांचेही होतात.

शाळा उघडली की पावसाची वही दप्तरात टाका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बाईंनी नाही विचारलं तरी मधल्या सुट्टीत “तुमच्याकडे किती पडला?” म्हणणारं कोणीतरी निघतंच.