प्रौढ वयात चित्रकलेच्या पहिल्या वर्गाला जाताना

शाळेतला चित्रकलेचा तास सुटल्यानंतर ज्यांनी चित्रासाठी पुन्हा पेन्सिल हातात धरलेली नसते, त्यांचे रेखाटन बहुधा त्याच वयात थांबलेले असते. चाळिशी ओलांडलेला माणूसही घर म्हणून चौकोनावर त्रिकोण ठेवतो, डोळा म्हणून बदामाचा आकार काढून मध्ये ठिपका देतो आणि ते पाहून स्वतःच ओशाळतो. आपला हात चालत नाही असा त्याचा समज होतो. परंतु जो हात रोज सफाईने सही करतो, त्याला रेखाटनापुरते वळण पुष्कळसे आलेले असते. खरी अडचण असते ती समोरची वस्तू न पाहता तिच्याविषयी ठाऊक असलेली माहिती कागदावर उतरवण्याच्या सवयीची. वर्गातला वेळ मुख्यतः ही सवय मोडण्यासाठी वापरावा, असे माझे मत आहे.

म्हणून वर्ग निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की तेथे प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून रेखाटन करवून घेतात की छापील चित्रांवरून नक्कल करवून घेतात. नकलेने हात सुबक होतो, पण नजर तयार होण्यासाठी वस्तूच समोर हवी. शिक्षक प्रत्येकाच्या जागेपाशी येऊन काम पाहतात का, हेही विचारावे. एका तासाचा वर्ग मला अपुरा वाटतो, कारण कागद लावणे, टोक करणे आणि मन स्थिरावणे यांतच त्यातली पंधरा-वीस मिनिटे निघून जातात.

साहित्यावर सुरुवातीला फार खर्च करू नये. पेन्सिलीवरील ‘एच’ हे अक्षर कठीणपणा दाखवते आणि ‘बी’ काळेपणा. शिशाची पेन्सिल असे आपण म्हणत असलो तरी आत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते, आणि माती जितकी जास्त तितकी रेघ कठीण व फिकट. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये या मिश्रणाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पहिले काही आठवडे २बी आणि ६बी अशा दोनच पेन्सिली पुरतात. टोक शार्पनरपेक्षा कटरने, लांबट करावे. एक साधा आणि एक मळता येणारा मऊ खोडरबर, कागद पकडण्याच्या क्लिपा आणि वर्गात मिळत नसल्यास ड्रॉइंग बोर्ड एवढे जवळ असावे. कागद मात्र मोठा घ्यावा. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरच्या कागदावर हात कोपरापासून आणि खांद्यापासून फिरतो. लहान वहीत तो मनगटापासून फिरतो आणि रेघ लिहिल्यासारखी आखडते.

बसण्याच्या जागेकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत आणि पुढे दोन तास त्याची किंमत मोजतात. मान न वळवता, केवळ नजर उचलून वस्तू दिसावी अशी जागा घ्यावी. उजव्या हाताने काढणाऱ्याने बोर्डाच्या डाव्या बाजूने वस्तू दिसेल असे बसावे, डावखुऱ्याने उलट, म्हणजे स्वतःचाच हात आड येत नाही. बोर्ड मांडीवर टेकवून तिरपा उभा धरावा. टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदाची दूरची बाजू आखूड भासते, ती नकळत भरून काढण्याच्या नादात चित्र वरच्या बाजूला ताणले जाते, आणि कागद उभा धरल्यावरच ते लक्षात येते.

मोजण्याची रीत पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी शिकवली जाते. एक डोळा मिटावा, हात पूर्ण लांब करून कोपर ताठ ठेवावे, पेन्सिलीचे वरचे टोक वस्तूच्या वरच्या कडेशी जुळवावे आणि अंगठा सरकवत खालच्या कडेवर आणावा. ही झाली उंची. आता तेच अंतर आडवे धरून रुंदीशी ताडून पाहावे. कोपर ताठ ठेवण्याचे कारण असे की डोळा आणि पेन्सिल यांतले अंतर बदलले की मापही बदलते. अनेक जण पेन्सिलीवरची ही लांबी तशीच कागदावर उतरवतात. ते चुकीचे आहे, कारण आपल्याला हवे असते ते उंची-रुंदीचे प्रमाण, पेन्सिलीवरचे अंतर नव्हे.

माझ्या पहिल्या वर्गात स्टुलावर एक पांढरा कप ठेवला होता. मी वरची कड लंबवर्तुळाकार काढली आणि तळाशी सरळ आडवी रेघ मारली, कारण कप सपाट पृष्ठभागावर टेकलेला असतो हे मला ठाऊक होते. शिक्षकांनी माझ्या कागदाला हात लावला नाही. त्यांनी तो कप उचलून माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरला, तेव्हा त्याची वरची कड एका सरळ रेघेसारखी दिसली. मग तो हळूहळू खाली नेला, तसतसे तोंड उघडत जाऊन गोल होत गेले. तळ डोळ्यांच्या पातळीपासून वरच्या कडेपेक्षाही खाली असतो, म्हणजे त्याची वक्रता तिच्याहून अधिक हवी. माझा तळ तर सपाट होता. हे एकदा पटल्यावर बादली, दिवा, फुलदाणी असे सारे गोल आकार एकाच नियमाने उलगडतात.

कपाचा कान मात्र या नियमात बसत नाही. त्यासाठी कान काढण्याचा विचारच सोडून द्यावा आणि कान व कप यांच्यामधली जी पोकळी दिसते, तिचा आकार काढावा. पोकळीविषयी आपल्या मनात कोणतेही ठरीव चित्र नसल्यामुळे डोळ्यांना तिच्याकडे पाहावेच लागते. खुर्चीचे पाय किंवा कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस काढतानाही ही युक्ती चालते. चेहऱ्याच्या बाबतीत माहिती आणखी फसवते: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण कपाळाकडे आपले लक्ष नसल्यामुळे नवखा माणूस ते हमखास वर नेऊन ठेवतो.

छायाप्रकाश दाखवण्यापूर्वी डोळे बारीक करून वस्तू पाहावी. त्यामुळे तपशील पुसट होतो आणि उजेड व अंधार यांचे दोन-तीन मोठे भाग वेगळे दिसतात. आधी तेवढेच भरावेत. सावलीच्या भागात टेबलावरून परतलेला उजेड दिसतो, पण तो उजेडातल्या भागाइतका पांढरा ठेवला तर वस्तूची गोलाई मोडते. बोटाने घासून छटा मऊ करण्याचा मोह टाळावा. त्वचेचा तेलकटपणा कागदाला लागला की तो डाग खोडरबराने जात नाही.

शिक्षक जवळ आल्यावर “बरं झालंय का?” असे विचारल्यास उत्तरही तसेच मोघम मिळते. त्याऐवजी “उंचीच्या मानाने रुंदी जास्त झाली आहे का?” असे नेमके विचारावे. काही शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःच रेघा ओढून चित्र सुधारून देतात. आपल्याला ते नको असल्यास कडेच्या रिकाम्या जागेत दाखवण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. मधल्या विश्रांतीत उठून इतरांची चित्रे अवश्य पाहावीत, पण ती आपल्याशी तोलण्यासाठी नव्हे, तर तीच वस्तू दुसऱ्या जागेवरून कशी दिसते हे कळण्यासाठी. परत आल्यावर आपले चित्र दोन-तीन पावले मागे सरून, किंवा आरशात उलटे करून पाहिले, तर तिरपी झालेली बाजू चटकन डोळ्यांत भरते.

जिवंत मॉडेल बसवून रेखाटन असेल त्या दिवशी मोबाइल पिशवीतच ठेवावा. मॉडेलचे छायाचित्र परवानगीशिवाय घेणे हा उघड अपमान आहे. एक-दोन मिनिटांच्या स्थितीत चेहरा किंवा बोटे काढायला जाऊ नये. पाठीचा कणा कोणत्या दिशेने वळला आहे आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, एवढ्या दोनच गोष्टी चार-सहा रेघांत पकडाव्यात.

फसलेले कागद फाडू नयेत. मागे तारीख घालून ठेवून द्यावेत. आठव्या आठवड्यात तोच पांढरा कप पुन्हा स्टुलावर आला, तेव्हा मी पहिल्या दिवसाचा कागद शेजारी ठेवून बसलो होतो. या खेपेस तळ नीट वळला होता, कानातली पोकळीही जमली होती, आणि वरची कड मात्र आठ आठवड्यांपूर्वीसारखीच एका बाजूला कललेली होती.